सीट नंबर एकवरचा ओरेगॅनो

सत्यनारायणाच्या शिऱ्यावर ओरेगॅनो टाकून खाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो.

मागच्या श्रावणात आमच्याकडे पूजा होती. प्रसाद वाटला गेला. सगळ्यांनी तो हातावर घेतला, डोळ्यांना लावला आणि तोंडात टाकला. अप्पांनीही घेतला, डोळ्यांना लावला, मग खांद्याला अडकवलेली चामडी पिशवी डाव्या हाताने उघडली, चिमूटभर हिरवट चुरा काढला आणि शिऱ्यावर भुरभुरला. गुरुजी बघतच राहिले. अप्पा त्यांना म्हणाले, "घाबरू नका, तुळशीच्या भावकीतलाच हाय." एवढ्यावर थांबतील तर ते अप्पा कसले? गुरुजींच्या वाटीतही त्यांनी एक चिमूट सोडली. गुरुजींनी घास घेतला आणि "पुदिना वाटतं" असं म्हणून पुढच्या यजमानांकडे निघून गेले. यंदा पूजेची तारीख विचारायला फोन केला तर त्यांनी पहिला प्रश्न केला, "ते पिशवीवाले गृहस्थ असतील का?"

अप्पा ओरेगॅनो कशावरही घालतात. पिठल्यावर घालतात, पोह्यांवर घालतात, येसर आमटीवर तर मुठीने घालतात. पलीकडच्या खान मॅडमनी ईदला शीरखुर्मा पाठवला, त्यावरही घातला आणि त्यांच्या घरी जाऊन सांगून आले, "मॅडम, आता कुठं चव उघडली." खान मॅडम शाळेत गणित शिकवतात आणि मुलं त्यांना टरकून असतात, पण त्या दिवशी त्या अप्पांना टरकल्या. चहात मात्र अप्पा टाकत नाहीत. एकदा टाकला होता. "गाडी पंक्चर झाली" एवढंच त्यांनी त्यावर सांगितलं.

हे अप्पा म्हणजे भानुदास अप्पा. मूळचे वैजापूरकडचे. उभी हयात एसटीत कंडक्टर म्हणून गेली, त्यातली बरीचशी सोयगावच्या गाडीवर. निवृत्त होऊन सात-आठ वर्षं झाली असतील, पण अप्पांची गाडी अजून डेपोत लागलेली नाही. गच्चीच्या जिन्यात त्यांनी एक लांब दोरी बांधली आहे आणि तिच्या टोकाला घंटी. एक टोल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. त्यांच्या बायकोने, सुमनकाकूंनी, खालून एकदा दोरी ओढली की अप्पा वरचं काम टाकून जेवायला येतात. जेवण झालं की स्वतःच दोनदा ओढतात आणि पुन्हा वर जातात. आपण त्यांच्याकडे गप्पा मारत बसलो आणि त्यांना कंटाळा आला, तर ते मोकळेपणाने "चला, डबल बेल!" म्हणतात. सुरुवातीला मला याचा राग यायचा. आता मी माझ्या सासरवाडीच्या पाहुण्यांवर हा प्रयोग करावा म्हणतो, पण हिंमत होत नाही.

गच्चीवर चव्वेचाळीस कुंड्या आहेत, कारण गाडीत सीटा चव्वेचाळीस. प्रत्येक कुंडीवर पांढऱ्या रंगाने नंबर टाकलेला. मिरची, वांगी आणि टोमॅटो महिलांसाठी राखीव, म्हणजे काकूंशिवाय कुणी तोडायचे नाहीत. कोथिंबीर हाफ तिकिटावर. गवती चहा मागच्या बाकड्यावर, "लई दंगा करतो, पोरांवानी." पंचेचाळिसावं रोप कुणी दिलंच तर ते कठड्यावर उभ्याने प्रवास करतं. आणि सीट नंबर एक, ड्रायव्हरच्या पाठीमागची, सगळ्या गाडीत मानाची. तिथे ओरेगॅनो.

अप्पांना एका गोष्टीचा फार अभिमान आहे. बिनतिकिटाचा माणूस ते चेहऱ्यावरून ओळखायचे. मी एकदा विचारलं, कसं? "सोपं हाय सायब. तिकीट असलेला मानूस कुठं बी बघतो. नसलेला खिडकीभायेर बघतो, लई मन लावून. जसं काय भायेर त्याची वरात चालली." मग त्यांना पकडायचात का, असं विचारल्यावर अप्पा म्हणाले, "मानूस बघून."

आता हा ओरेगॅनो अप्पांच्या आयुष्यात कसा आला, ते सांगायला हवं.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत सुमनकाकू आजारी पडल्या. बऱ्या होऊन घरी आल्या, पण नाक तिकडेच राहिलं. कशाचाच वास येईना. सहा महिने झाले, वर्ष झालं. डॉक्टर म्हणाले, येईल, नाहीतर नाही येणार, सांगता येत नाही. काकूंच्या हाताला पूर्वी काय चव होती! त्यांच्या फोडणीचा वास आमच्या घरात आला की माझी बायको वंदना माझ्याकडे अशी बघायची, की मी मुकाट वाटी घेऊन पलीकडे जायचो. आता त्याच काकूंचं दूध करपत होतं, भाजी लागत होती, आणि त्यांना पत्ता नसायचा. अन्न तोंडात घातलं की भुसा खाल्ल्यासारखं वाटतं म्हणायच्या. एकदा गॅस चालू राहिला. तेव्हापासून अप्पा स्वयंपाकघरात मुक्कामाला गेले.

ज्या माणसाने पन्नास वर्षांत ओट्याला हात लावला नव्हता, तो ओट्याजवळ स्टूल टाकून नाक वर करून बसू लागला. आमच्या खिडकीतून सगळं ऐकू यायचं. "मोहरी तडतडली... लसूण टाक... थांब, थांब... आला, स्टॉप आला, उतरव!" दूध वर यायला लागलं की गल्लीभर ओरडा, "सिंगल बेल! सिंगल बेल!" काकू वैतागायच्या. "अवं, डोळे फुटले न्हाईत माझे, नाक गेलंय," म्हणायच्या. पण स्टूल तिथेच राहिलं.

अशातच पुण्याहून नात आली आणि तिने पिझ्झा मागवला. पिझ्झ्याबरोबर ती मसाल्याची लहान पाकिटं येतात ना, त्यातलं एक तिने आजीच्या शेजारी बसून फाडलं. मी तिथं नव्हतो, पण अप्पांकडून ही गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे की मीच पाकीट फाडलं असं मला वाटायला लागलंय. "सायब, सुमनचे डोळे हे एवढे झाले! म्हनली, अवं, कायतरी आलं. काय आलं ते सांगता येईना तिला. पन आलं!"

दुसऱ्या दिवशी अप्पांनी नातीकडची सगळी पाकिटं गोळा केली आणि थर्माकोलच्या खोक्यात माती भरून, रेघा ओढून, तो ओरेगॅनो पेरला. हो, पाकिटातला. रोज सकाळी वाकून बघायचे. आठ दिवस गेले, पंधरा गेले. त्यांनी खोक्यावर पाटी लावली, "गाडी उशिरा धावत आहे." एकविसाव्या दिवशी वंदना काहीतरी वाळत घालायला गच्चीवर गेली होती, तिने हे पाहिलं. "अप्पा, अहो ती वाळकी पानं आहेत. कसुरी मेथी पेरली तर मेथी उगवेल का?" अप्पांनी तिच्याकडे बघितलं, खोक्याकडे बघितलं. "ताई, हे तुमी तीन हप्ते आदुगर सांगायचं ना," म्हणाले, आणि त्याच मातीत पालक टाकला.

मग त्यांनी खरं रोप मिळवलं. त्यासाठी किती नर्सऱ्या पालथ्या घातल्या त्याचा हिशेब नको. पहिलं रोप लाडाने मेलं, कारण अप्पा त्याला दिवसातून तीनदा पाणी पाजत. दुसरं आणलं तेव्हा त्यांना साक्षात्कार झाला. या झाडाला पाणी सोसत नाही. ऊन हवं, उघडीप हवी, माती कोरडीठाक झाली की मग थोडं पाणी. आमच्या सिडको वसाहतीत नळ आठवड्याने येतो, कधी त्याहूनही उशिरा. अप्पांनी ठरवून टाकलं की नळ येईल त्याच दिवशी ओरेगॅनोला पाणी. झाड असं फोफावलं की विचारू नका. "ह्ये झाड बायेरदेशातलं नाय सायब, आपल्या सिडकोतलं हाय," अप्पा सांगत सुटले. गल्लीत घरटी एक फांदी त्यांनी कुंडीत लावून दिली. त्याला ते पास म्हणायचे, आणि दर महिन्याला पास तपासायला यायचे.

पण हे सगळं एका गोष्टीसाठी होतं. रोज सकाळी चहाच्या आधी अप्पा सीट नंबर एकवरचं एक पान तोडून खाली यायचे. बोटांत चुरगाळून काकूंच्या नाकाशी धरायचे आणि विचारायचे, "आला का?" काकू डोळे मिटून लांब श्वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आला." मग अप्पा चहा प्यायचे. उरलेली पानं वाळवून त्या कंडक्टरच्या चामडी पिशवीत भरायचे आणि दिवसभर दोघंही सगळ्यावर तेच खायचे. काकूंना जेवणात तेवढीच एक गोष्ट कळते, मग तिने एकटीने का खावी, असं त्यांचं म्हणणं. ते सकाळचं "आला" ऐकलं नाही तर अप्पांचा दिवसच सुरू होत नसे. एकदा काकूंना सर्दी झाली होती, तर हा माणूस दहा वाजेपर्यंत चहाशिवाय बसून होता.

आणि ते झाड मी मारलं.

या मे महिन्यात काकूंच्या भाचीचं लग्न निघालं सोयगावला. आठ दिवस दोघं जाणार. अप्पांनी गच्चीची किल्ली माझ्या हातात दिली, चव्वेचाळीस सीटा एकेक करून दाखवल्या आणि नंबर एकपाशी थांबून म्हणाले, "बाकीच्यांना रोज पाजा. ह्याला फक्त नळाच्या दिवशी. माझी गाडी तुमच्या ताब्यात हाय." मी विमा कचेरीत कारकुनी करतो. दिलेलं काम काटेकोर करणं हा माझा एकमेव गुण, पण तो त्या आठवड्यात कामी आला नाही. ऊन भयंकर होतं. त्रेचाळीस कुंड्यांना पाणी घालायचं आणि नंबर एककडे पाठ फिरवून यायचं, हे माझ्याने होईना. पंगतीत एकालाच उपाशी ठेवल्यासारखं वाटायला लागलं. दुसऱ्या दिवशी अर्धा तांब्या घातला. तिसऱ्या दिवशी एक. चौथ्या दिवशी पानं पिवळी दिसली, मला वाटलं तहानलंय, म्हणून दोन्ही वेळा घातलं. सहाव्या दिवशी खोड बुडाशी काळं पडून आडवं झालं. ज्या शहरात माणसं नळाची वाट बघत बसतात, तिथं मी एक झाड पाण्यात बुडवून मारलं.

वंदनाला सांगितलं. ती आधी पाच मिनिटं मला बोलली, मग म्हणाली, "गल्लीत प्रत्येकाकडे पास आहे ना? एक मागून आण."

सगळ्यात आधी आमचीच कुंडी बघितली. तीत कोथिंबीर होती. "आपला ओरेगॅनो पहिल्याच महिन्यात गेला," वंदना म्हणाली. "अप्पांना काय सांगणार? ते लांबूनच बघतात." मग देशमुखांकडे गेलो. देशमुख शेंद्र्याला कंपनीत असतात, रविवार म्हणून घरी होते. मला कोपऱ्यात घेऊन हळू आवाजात म्हणाले, "बोलू नका कुठं, बोकडानं खाल्ला. अप्पा येणार असले की मी कुंडीवर टोपलं पालथं घालतो. ऊन लागतं सांगतो." खान मॅडमकडे कुंडी डेरेदार हिरवीगार होती. माझा जीव भांड्यात पडला. जवळ जाऊन बघितलं तर अंगठ्याएवढी जाड, लवदार पानं. पानओवा. खान मॅडम म्हणाल्या, "भाई, वो तो कब का मर गया. वास मिळता-जुळता आहे, म्हणून हा लावला. अप्पांनी पाहिलं, म्हणाले, पास चालू हाय." अशी आमची सगळी गल्ली बिनतिकिटाने प्रवास करत होती.

शेवटी रस्त्याकडेच्या एका नर्सरीवाल्याकडे गेलो. त्याने एक रोप पुढे केलं. तशीच बारीक गोल पानं, तसाच पसरट घेर. मी पान चुरगाळून नाकाशी धरलं. काही कळेना. "वास येत नाही हो," म्हणालो. तो म्हणाला, "अबी छोटा है ना साब. बडा होने दो, बास आतीच." मला ते पटलं, कारण दुसरा काही इलाज नव्हता. अप्पांची माती, अप्पांची कुंडी, एक नंबर. रोप त्यात बसवून मी हात धुतले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते दोघं परत आले. तिसऱ्या दिवशी सकाळी किल्ली द्यायला गेलो. काकूंनी लग्नातले बुंदीचे लाडू ताटलीत काढले. तेवढ्यात जिन्यात घंटीचे दोन टोल झाले आणि अप्पा खाली आले, दोन बोटांत पान धरून. मला बघून नुसते हसले. काकूंच्या समोर बसले, पान चुरगाळलं, नाकाशी नेलं.

"आला का?"

काकूंनी डोळे मिटले. लांब श्वास घेतला. "आला," म्हणाल्या. "आज लई जोरात आला. आठ दिस खंड पडला ना."

माझ्या हातातला लाडू तसाच राहिला. अप्पांचा हात एक क्षण तिथेच थांबला, काकूंच्या चेहऱ्यापुढे. मग त्यांनी हात मागे घेतला, दोन्ही बोटं सहज आपल्या मिशीवरून फिरवली. मला वाटलं आता हे काहीतरी बोलणार. ते म्हणाले, "मग चहा टाका. सायबालाबी द्या, साखर कमी."

चहा होईपर्यंत अप्पा स्टुलावर बसून होते. दूध वर आलं तेव्हा "सिंगल बेल" म्हणाले, पण गल्लीत ऐकू जाईल इतक्या जोराने नाही. मी कसाबसा चहा संपवला. अप्पा मला सोडायला फाटकापर्यंत आले. मला आणखी लपवून ठेववेना.

"अप्पा, तुमचं झाड माझ्या हातून गेलं. हे दुसरं आहे."

"ठावं हाय. आल्या आल्याच पाह्यलं. माझं झाड डावीकडं कलायचं. ह्ये सरळ हुबं हाय, मास्तरानं हुबं केल्यावानी."

"मग पान कशाला तोडलंत?"

"ओरेगॅनो म्हनल्यावर ओरेगॅनो, आसं वाटलं. वास नाय ते तिच्या म्होरं चुरगाळल्यावर कळलं. हात म्होरं गेलता, मागं कसा घ्यायचा?"

"पण काकू म्हणाल्या, आला."

अप्पा फाटकाची कडी उगाच खालीवर करत राहिले. "ती रोजच म्हनती."

मग त्यांनी कडी सोडली. म्हणाले, "पयल्या दिशी, त्ये पाकीट फाडलं तवा, खरंच आला व्हता. तवा तिनं डोळे मिटले नव्हते सायब. डोळे मोठे झालते. त्यानंतर रोज मिटती. लई मन लावून मिटती. म्या एवढी वर्सं एसटीत काढली, मला कळत नाय व्हय?"

"सगळं माहीत होतं तुम्हाला? मग रोज विचारता कशाला?"

"आला म्हनली की ती हसती. तिला वाटतं, ह्याचं मन राखलं. आता ह्या वयात तिला मधीच उतरवू का गाडीतून?"

मला भरून आलं. गल्लीत त्या कोथिंबिरीकडे, त्या टोपल्याकडे, त्या पानओव्याकडे बघून दर महिन्याला "पास चालू हाय" म्हणणारे अप्पा डोळ्यांपुढे आले. आणि भरून आलेल्या माणसाने बोलू नये ते मी बोलून गेलो. "मग अप्पा, हेच झाड राहू द्या की. काकूंना काय, वासाचं असलं काय आणि नसलं काय..."

इतक्या वर्षांत अप्पा माझ्यावर पहिल्यांदा खेकसले. "काय बोलता सायब? एखाद्या दिशी खरंच आला तर? तवा माझ्या हातात आसलं बिनवासाचं पान आसलं तर तिला काय तोंड दाखवू?"

ते आत गेले. चामडी पिशवी खांद्याला लावूनच बाहेर आले. काकूंनी खिडकीतून विचारलं, "उन्हाचं कुठं निघाले?" अप्पा म्हणाले, "डेपोत. येतो तासाभरात." मी स्कूटर काढली. कुठल्या नर्सरीत जायचं ते विचारलं, तर म्हणाले, वास येईल तिथपर्यंत. टोपी सारखी करून ते माझ्या मागे बसले आणि माझ्या खांद्यावर बोटाने दोनदा टकटक केलं. मी निघालो.